जांभूळ पुन्हा देठाला लागते तेव्हा

शास्त्रीय गायकाच्या मैफलींना नियमाने जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे रसिक म्हणतात. लोकगायकाच्या कार्यक्रमांना तितक्याच नियमाने जाणाऱ्याला मात्र वेगळे नाव नाही. तो गर्दीचाच एक भाग असतो. मैदानातल्या धुळीत बसतो, ध्वनिक्षेपकाची खरखर सोसतो आणि रात्री उशिरा शेवटची गाडी पकडून घरी परततो. शाहीर विठ्ठल उमप यांचा मी असा बिननावाचा श्रोता सुमारे एकवीस वर्षे होतो. त्यांच्याशी माझी कधी ओळख झाली नाही, व्हावी असेही कधी वाटले नाही. दुरून मिळत होते तेवढेच पुष्कळ होते. ते काय होते, हे आज आपणांस सांगावेसे वाटते.

उमपांचा जन्म १५ जुलै १९३१ रोजी मुंबईतील नायगाव येथे झाला. आपल्या वसईच्या खाडीवरचे नायगाव नव्हे. दादरजवळचे, गिरणी कामगारांच्या चाळींचे नायगाव. आंबेडकरी चळवळीतील जलशांची परंपरा त्यांच्या गाण्याच्या मुळाशी होती. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली, भीमगीत अशा नाना प्रकारांत त्यांचा आवाज सारख्याच सहजतेने फिरे. पुढे ‘टिंग्या’सारख्या चित्रपटामुळे नव्या पिढीने त्यांचा चेहरा ओळखला, पण आमच्या पिढीने त्यांना आधी ओळखले ते आवाजावरून.

आमच्या घरी तो आवाज रेडिओवरून आला. माझे वडील वाडीत केळी आणि भाजीपाला पिकवीत. पहाटेच्या गाडीने माल दादरच्या बाजारात नेत आणि दुपारपर्यंत परतत. संध्याकाळी शिंपणे उरकले, की ओटीवर रेडिओ लागे. मुंबई आकाशवाणीच्या ‘कामगारसभा’ या कार्यक्रमात लोकगीते लागत. वडील एरवी अबोल. गाणे आवडले तर बोलून दाखवण्याची त्यांची रीत नव्हती. हातातले काम थांबे, एवढीच खूण. उमपांच्या आवाजाला ते काम हमखास थांबे. त्या आवाजात काय होते? एक हाक होती. डोंगराच्या एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या माणसाला घातलेली असावी, अशी उंच, मोकळी आणि थोडी खरबरीत. ती हाक वरच्या पट्टीत जाई तेव्हा क्षीण होत नसे, उलट तिला धार चढे.

मी त्यांना प्रत्यक्ष ऐकले ते १९८९ साली. तेव्हा मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो. आम्हांला मराठी साहित्याची गोडी लावणारे एक वयस्क धर्मगुरू होते. दादरच्या एका नाट्यगृहात ‘जांभूळ आख्यान’ होणार असल्याचे त्यांच्या कानावर आले. रेक्टरांची परवानगी काढून ते आम्हां चौघा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गेले. वाटेत लोकलमध्ये त्यांनी आम्हांला एवढेच सांगितले, “तुम्ही तत्त्वज्ञानात सत्याची व्याख्या शिकता आहात. आज सत्य बोलण्याची किंमत किती पडते ते पाहा.”

‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी त्याचा आकृतिबंध थोडक्यात सांगतो. ‘गोंधळ’ हा शब्द आज आपण गडबडीसाठी वापरतो. परंतु मुळात ते देवीच्या उपासनेतील एक विधिनाट्य आहे. घरी लग्नकार्य झाले, नवस फेडायचा असला, की गोंधळ्यांना बोलावतात. चौक मांडला जातो, दिवटी पेटते. संबळ वाजू लागते. हे जोडवाद्य, एक भांडे उंच स्वराचे, दुसरे खर्जाचे, आणि दोन्हींवर काठ्यांनी ताल धरायचा. सोबत एकतारी तुणतुणे आणि झांज. आरंभी गण होतो आणि मग गावोगावच्या देवतांना नाव घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन केले जाते. हा पूर्वरंग. उत्तररंगात मुख्य गोंधळी एखादे आख्यान लावतो. तोच निवेदक, तोच गायक आणि तोच सर्व पात्रे. साथीदार मधूनमधून शंका विचारतात, चेष्टा करतात, ध्रुपद उचलतात. उमपांनी हा साचा रंगमंचावर आणला आणि त्यात महाभारताची एक लोककथा भरली.

कथा व्यासांच्या ग्रंथात नाही. लोकांच्या तोंडी आहे. पाच पतींची पत्नी असलेल्या द्रौपदीचे मन कर्णाला पाहून विचलित होते. ही गोष्ट ती कोणालाच सांगत नाही. श्रीकृष्णाला मात्र ती कळते. तो पांडवांना आणि द्रौपदीला वनात घेऊन जातो. तेथे एका झाडावर एकच जांभूळ असते आणि भीम ते तोडतो. मग कळते, की ते फळ एका तपस्वी ऋषीचे आहे. त्याच्यावरच तो जगतो. तो आता येईल आणि शाप देईल. उपाय एकच. प्रत्येकाने आपल्या मनातले खरे बोलावे, म्हणजे फळ जमिनीवरून उचलले जाईल आणि पुन्हा देठाला लागेल. पाचही भाऊ आपापले सत्य सांगतात. फळ थोडे थोडे वर चढते. द्रौपदीची पाळी येते. ती खरे लपवते आणि फळ अडते. अखेरीस ती बोलते, आणि जांभूळ देठाला लागते.

त्या रात्री आमच्यापुढे रंगमंचावर पन्नाशी उलटून गेलेला, कष्टाच्या खुणा चेहऱ्यावर असलेला एक पुरुष उभा होता. भीम झाला की त्याची छाती रुंद होई. कृष्ण झाला की डोळ्यांत मिस्कीलपणा येई. यावर प्रेक्षक हसत होते. पण तो द्रौपदी झाला तेव्हा हसू आपोआप थांबले. मान थोडी कलली, नजर खाली गेली, हातांची बोटे एकमेकांत गुंतली, एवढाच बदल. आवाजही बायकी केला नाही. तरीही आमच्यासमोर राजघराण्यातली एक स्त्री उभी होती आणि तिच्या मनात जे होते ते पाच नवऱ्यांदेखत सांगण्याची वेळ तिच्यावर आली होती. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. प्रेमाचे, मोहाचे मला पुस्तकी ज्ञानच अधिक. परंतु कोंडलेले सत्य बाहेर पडताना माणसाचा श्वास कसा अडतो, हे मी त्या रात्री पाहिले.

त्यानंतर जमेल तेव्हा मी उमपांच्या कार्यक्रमांना जाऊ लागलो. आता पुढचे सांगण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो मला अनेकदा विचारला गेला आहे. दीक्षाविधी होऊन मी धर्मग्रामात काम करू लागलो त्या वर्षांतली गोष्ट. एका वृद्ध गृहस्थांनी रविवारच्या मिस्सानंतर मला बाजूला घेतले. सरळ मनाचा, श्रद्धावान माणूस. ते म्हणाले, “फादर, तुम्ही गोंधळाला जाता असे ऐकले. तो तर देवीचा. आपल्याला चालतो का?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या पूर्वजांनी श्रद्धेसाठी पुष्कळ सोसले आहे आणि तिच्या सीमा जपल्या आहेत. मी त्यांना सांगितले, की उपासनेला बसणे वेगळे आणि ऐकायला बसणे वेगळे. शेजाऱ्याच्या घरी लग्न असले तर आपण मांडवात बसतो, जेवतो, वधूवरांना आशीर्वाद देतो. त्यामुळे आपली श्रद्धा बदलत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र काढले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. आणि साडेतीनशे वर्षे आणखी मागे गेलो, तर फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने प्रभूची कथा सांगण्यासाठी लॅटिन छंद घेतला नाही; ओवी घेतली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. इथले पुराण कसे ऐकले जाते, लोक कुठे माना डोलावतात, हे कान देऊन ऐकल्यावाचून तो ग्रंथ लिहिता आला असता काय?

ते गृहस्थ क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे कान उघडे ठेवायचे आणि गुडघे आपल्या देवापुढेच टेकायचे.” माझ्या लांबलचक उत्तरापेक्षा त्यांचे हे एक वाक्य अधिक नेमके होते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती स्वतः उमपांमध्येच होती. गोंधळ गाणारा हा माणूस आंबेडकरी शाहीर होता. १९९१ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीच्या दिवसांत, मुंबईच्या एका वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाला मी त्यांना ऐकले. नाट्यगृहातल्या खुर्च्या तिथे नव्हत्या. रस्त्यावरच मंडप, निळ्या पताका, घराघरांतून बाहेर येऊन बसलेल्या बाया आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारी मुले. द्रौपदीची घालमेल मांडणारा तोच गळा त्या रात्री अन्यायाचा हिशेब मागत होता. शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी मला विचारले, “कुठनं आलास, बाळा?” मी वसई सांगितले. त्यांनी आपल्या पिशवीतून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा गाण्याकडे वळल्या. कोणाचा कोण, हे त्यांनी विचारले नाही.

त्या रात्रीपासून मला एक गोष्ट उमगली. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या पायरीबाहेर उभे केले गेले, त्या समाजातल्या कलावंताने देवीच्या विधिनाट्याचा साचा हाती घेतला आणि त्यात माणसाच्या मनाची कथा सांगितली. जी गोष्ट नाकारली गेली होती ती त्याने आपली कला म्हणून परत मिळवली. हे करताना त्याने आपली ओळख पुसली नाही आणि समोरच्याच्या श्रद्धेची टिंगलही केली नाही. दोन्ही एकाच गळ्यात राहू शकतात, हे त्याने गाऊन दाखवले.

‘जांभूळ आख्यान’ मी पुढे पुन्हा दोनदा पाहिले. कथा पाठ होती, विनोद पाठ होते. तरीही दर वेळी मी निराळे काही घेऊन परतलो. याचे कारण उघड आहे. दरम्यानच्या काळात मी प्रायश्चित्त संस्कारासाठी बसू लागलो होतो. माझी आई त्याला ‘कुमसार’ म्हणत असे, आणि आपल्या वसईच्या बोलीत रुजलेला तो पोर्तुगीज शब्द मलाही आवडतो. त्या पेटीत ऐकलेले तिथेच राहते, म्हणून उदाहरण एकही देणार नाही. परंतु सर्वसाधारण अशी एक गोष्ट सांगता येते, आणि ती कोणाही धर्मगुरूला ठाऊक असते. माणूस आधी सोपे सत्य सांगतो. रागावलो, खोटे बोललो, प्रार्थना चुकवली. मग एक विराम येतो. त्या विरामात त्याचे जांभूळ अधांतरी अडलेले असते.

दुसऱ्यांदा आख्यान पाहताना माझे लक्ष द्रौपदीपेक्षा पांडवांकडे गेले. त्यांनीही सत्ये सांगितली होती, पण ती सांगताना त्यांना काही गमवायचे नव्हते. द्रौपदीचे सत्य मात्र तिचे सर्वस्व पणाला लावणारे होते. याच पाच जणांपैकी थोरल्याने तिला द्यूताच्या पटावर पणाला लावले होते आणि बाकीचे खाली मान घालून बसले होते, ही आठवण आपल्या मनात जागी असते. ज्यांच्याकडून आपले रक्षण झाले नाही त्यांच्याचपुढे आपले मन उघडे करायचे! शिवाय ज्याच्यासाठी मन ओढले गेले तो कर्ण हाही कुंतीचाच पुत्र, पांडवांचा थोरला भाऊ, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तिला नसते. लोककथेचे शहाणपण असे, की ती द्रौपदीला शिक्षा करीत नाही. ती बोलते आणि फळ झाडाला लागते. इथे सत्याचे बक्षीस म्हणजे तुटलेले जोडले जाणे.

तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा मला शुभवर्तमानातली एक स्त्री आठवली. योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू भर दुपारी एका विहिरीपाशी बसला आहे आणि पाणी भरायला एक शोमरोनी स्त्री येते. तिचेही पाच पती होऊन गेले आहेत, आणि आता ज्याच्यासोबत ती राहते तो तिचा पती नाही. पाच आणि सहावा! दोन्ही कथांचा एकमेकींशी संबंध नाही, हे मी जाणतो. एकीच्या आयुष्यात सहावा प्रत्यक्ष आहे, दुसरीच्या फक्त मनात. परंतु दोघींपुढे सत्य जाणणारा कोणीतरी आधीच आलेला आहे, आणि दोघींच्याही बाबतीत तो जाणणारा रागावलेला नाही. श्रीकृष्ण मिस्कील आहे. येशू तहानलेला आहे. त्या शोमरोनी स्त्रीचे सत्य उघडे पडले तेव्हा ती लाजून लपली नाही. आपली घागर तिथेच टाकून ती गावात धावली, आणि ज्या गोष्टीपायी ती लोकांना टाळत असेल तीच गोष्ट तिने लोकांना सांगितली. मनावरचा दगड उतरला, की माणूस पाण्याची घागरही विसरतो.

त्या रात्रीनंतर कुमसाराच्या पेटीतल्या विरामाकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. समोरची व्यक्ती अडली, की प्रश्न विचारून तिला पुढे ढकलू नये. उमप द्रौपदीच्या त्या क्षणी काय करीत? साथ थांबे. संबळ गप्प होई. तुणतुण्याची तार तेवढी एका स्वरावर हलकेच बोलत राही, जणू सांगत असावी, “मी आहे इथे, तू घाई करू नकोस.” श्रोत्याचे काम तेवढेच. सेमिनरीत आम्हांला या संस्काराचे धर्मशास्त्र चांगले शिकवले गेले. पण थांबावे कसे, हे मला एका शाहिराच्या संबळवाल्याने शिकवले.

उमपांना मी शेवटचे ऐकले ते २००९ साली, एका महाविद्यालयाच्या प्रांगणात. वय सत्त्याहत्तरच्या पुढे गेलेले. दोन गाण्यांच्या मध्ये ते थोडे अधिक वेळ घेत होते. सुरुवातीला आवाज जड वाटला. माझ्या मागे बसलेल्या तरुणांत चुळबुळ सुरू झाली. मग त्यांनी एक ओळ वरच्या पट्टीत उचलली. ती पूर्वीइतकी उंच गेली नाही, पण जिथे थांबली तिथे इतकी खरी थांबली, की चुळबुळ बंद झाली. मला वडिलांच्या थांबलेल्या हातांची आठवण झाली. वडील त्याआधीच देवाघरी गेले होते. शिंपण्याची बादली तशीच हातात धरून ते ओटीवर उभे आहेत, असे क्षणभर वाटले.

पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर २०१० रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटन सोहळ्यात विठ्ठल उमप व्यासपीठावरच कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या लाखो अनुयायांसह धम्माची दीक्षा घेतली ती हीच भूमी. आणि तारीखही लक्षणीय. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकारले होते. शाहिराला याहून उचित स्थळ आणि दिवस कोणता लाभला असता? दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सात मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ते माझ्या धर्माचे नव्हते. पण ज्याच्याकडून आपल्याला काही मिळाले त्याच्यासाठी देवाचे आभार मानायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता त्यांचे पुत्र नंदेश उमप गातात आणि घराण्याचा वारसा चालवतात. ध्वनिमुद्रणेही आहेत, भ्रमणध्वनीवर बोट ठेवले, की तो आवाज येतो. आमच्या धर्मग्रामातली तरुण मुले कधी विचारतात, “फादर, एवढे सगळे घरबसल्या मिळते, तर तुम्ही इतक्या दूर कशाला जात होता?” मी त्यांना सांगतो, की ध्वनिमुद्रणात गाणे येते, संबळ थांबल्यावर हजार माणसांनी धरलेला श्वास येत नाही. तो श्वास धरणाऱ्यांत आपणही एक असावे लागते.

गेल्या लग्नसराईत आमच्या धर्मग्रामातल्या एका घरी मांडवाच्या दिवशी गेलो होतो. ध्वनिवर्धकावर सिनेमाची गाणी चालू होती. मध्येच वीज गेली. अंधारात क्षणभर शांतता पसरली आणि मग ओटीच्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या मावशींनी लग्नातले जुने गाणे धरले. आवाज कापरा, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीला आणखी दोघी मिळाल्या. तिसऱ्या ओळीला नवरीची आई. नवरी हातांची मेंदी सांभाळत जवळ येऊन बसली आणि शब्द नीट कळावेत म्हणून आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. थोड्या वेळाने वीज आली. यजमान ध्वनिवर्धकाकडे निघाले, तेव्हा नवरीने हाताने खूण करून त्यांना थांबवले.

मीही माझी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.